गाडीतला हॅम रेडिओ ऐकतो पण बोलत नाही: थार, जिप्सी, जिम्नीवाल्यांसाठी समस्या निवारण

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून चालवायचा, दोन्हीकडून बोलता येणारा रेडिओ. आधी लक्षणं. यातलं तुमचं कोणतं, ते ठरवून मगच खाली वाचा.

- ऐकू सगळं येतं, पण पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबला की डिस्प्ले मंदावतो किंवा सेट बंद पडून पुन्हा सुरू होतो.
- सेट चालू राहतो, पण समोरचा म्हणतो, "तुटतंय, अर्धंच आलं." सेट नेहमीपेक्षा लवकर तापतो.
- तुमच्या आवाजामागे बारीक शिट्टी असते. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते.
- इंजिन किंवा एलईडी बार चालू केला की लांबची स्टेशनं गायब होतात. बंद केला की परत येतात.
- डांबरी रस्त्यावर सगळं ठीक, कच्च्या वाटेवर आवाज येतो-जातो.
- पावसाळ्यानंतर रेंज घटली, मात्र मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा, कमी तितका बरा) पूर्वीपेक्षा चांगला दिसतो.
- बोलायला लागलं की गाडीचंच काहीतरी बिनसतं: डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा, इंडिकेटर आपोआप लागणं, इंजिनाचा धक्का.

शेवटचं लक्षण तुमचं असेल, तर मधलं सगळं सोडून थेट 'इथे थांबा' या भागावर जा.

दोन मीटर बँडचा (सुमारे दोन मीटर लांबीच्या रेडिओ लहरींचा) ५० वॅटचा मोबाइल सेट बसवलेल्या गाड्यांमध्ये या तक्रारी मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केल्या आहेत. बसवल्या दिवशी रिपीटर (उंचावरून सगळ्यांचा आवाज पुढे पाठवणारं स्टेशन) स्वच्छ उघडतो, मग एक पावसाळा चिखलातून, ओढ्यातून गाडी फिरते आणि रडगाणं सुरू होतं. सेट नादुरुस्त निघण्याची वेळ फार क्वचित येते. दोष असतो बॅटरीपासून सेटपर्यंतच्या वायरमध्ये, अँटेनाच्या बुडाशी असलेल्या अर्थमध्ये (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोड), नाहीतर को-अ‍ॅक्स केबलमध्ये (सेट आणि अँटेना जोडणारी, आत जाळी असलेली गोल केबल). आणि हे तिन्ही दोष सेट नुसता ऐकत असताना सहज दिसत नाहीत. ऐकताना सेट जेमतेम अर्धा-एक अँपिअर घेतो, ५० वॅटवर बोलताना १० ते १२. म्हणून खालची महत्त्वाची मोजमापं पीटीटी दाबलेला असतानाच करायची आहेत.

त्याआधी एक अट. भारतात दोन मीटर म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, आणि तिथे प्रसारण करायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेचा परवाना लागतो. चाचणीसुद्धा प्रसारणच आहे. मोकळी फ्रिक्वेन्सी शोधा, आधी थोडा वेळ ऐका, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं रेडिओवरचं नाव) सांगा, मग बटण दाबा. रिपीटरवर चाचण्या करत बसू नका. परवान्यात वाहनाबद्दल काय अटी आहेत तेही वाचून ठेवा.

बिघाड आहे की डोंगर?

व्हीएचएफ (दोन मीटर ज्यात येतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) साधारण नजरेच्या रेषेत जातं. ताम्हिणीत किंवा वरंध घाटाच्या वळणात तुम्ही कड्याच्या कुशीत उभे असाल, तर जगातला कुठलाही सेट पलीकडच्या दरीत पोचणार नाही. गाडी एखादा मीटर पुढे-मागे घ्या. दगडावरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींना मारतात, आणि दोन मीटरच्या बँडवर मीटरभर सरकलं तरी सिग्नल पार बदलतो. गाडी सरकवल्यावर फरक पडत असेल तर तो भूगोल आहे. घाटमाथ्यावर, उघड्या जागी, नेहमीच्या मित्राशी नेहमीच्या अंतरावरूनही तीच तक्रार असेल, तरच पुढे जा.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पॉवर कमीत कमी करा. बहुतेक सेटवर ती ५ वॅट असते. तक्रार नाहीशी झाली तर दोष विजेच्या पुरवठ्यात आहे, किंवा अँटेनाकडून शक्ती परत गाडीत शिरते आहे. तशीच राहिली तर केबल, अँटेना किंवा माइक पाहायचा. या एका बटणाने निम्मा शोध संपतो, तरी ते कोणी दाबून बघत नाही.

रिपीटर उघडत नसेल तर टोन (रिपीटर उघडणारा सूर) आणि ६०० किलोहर्ट्झचा शिफ्ट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर) तपासा. हादऱ्यात माइकवरचं एखादं बटण दाबलं जाऊन सेटिंग बदललेलं मी अनेकदा पाहिलं आहे. माइकची गुंडाळी वायर गिअरच्या दांड्यात अडकून खेचली जाते. बोलता बोलता ती हलवून बघा. आवाज तुटला तर माइक बदला, बाकीच्याला हात लावायची गरज नाही.

आता गोंगाट. इंजिन बंद, किल्ली फक्त ॲक्सेसरीवर, एक कमजोर स्टेशन लावा. मग एकेक वस्तू चालू करा: मोबाइल चार्जर, डॅशकॅम, एलईडी बार, शेवटी इंजिन. स्टेशन कशाने बुडतं ते कळेल. माझ्या अनुभवात पहिला गुन्हेगार स्वस्तातला एलईडी बार, दुसरा यूएसबी चार्जर. दोघांच्या आत वीज वेगाने चालू-बंद करणारं सर्किट असतं, त्याचा कचरा थेट व्हीएचएफवर येतो, आणि बारच्या लांबलचक वायरी त्याच्या अँटेनाचं काम करतात. चार्जर बदलणं सोपं आहे. बारच्या दोन्ही वायरींवर, बारच्या अगदी जवळ, ४३ नंबरच्या मटेरिअलची फेराइट (गोंगाट अडवणारी चुंबकीय कडी) चढवा, वायरींचे दोन-तीन वेढे देऊन. तेवढ्याने भागलं नाही तर बार बदलावाच लागतो. रात्री घाटात वाट दाखवणारा दिवा आणि मदत मागायचा रेडिओ यांतलं एकच चालू ठेवता येणं ही धोक्याची गोष्ट आहे.

इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची असते. ती सेटमध्ये बहुधा पुरवठ्याच्या वायरीतून येते, आणि सेटची वायर थेट बॅटरीकडून न येता डॅशबोर्डमागून कुठूनतरी घेतलेली असते. तिचं उत्तर पुढे 'व्होल्टेज, बोलताना' या भागात आहे.

हाताने आणि डोळ्याने

सेटमागचा, अँटेनाच्या केबलचा पीएल-२५९ कनेक्टर हाताने घट्ट करा. हादऱ्याने तो सैल होतोच, दर मोठ्या सहलीनंतर होतो. अँटेनाचा दांडा बुडातल्या स्क्रूत घट्ट आहे ना ते पाहा. एकाला कमी पॉवरवर बोलायला सांगा, तेवढ्यात तुम्ही केबल हलवा: सेटजवळ, दाराच्या रबरात, बोनेटच्या बिजागरीजवळ. अँटेनाच्या दांड्याला मात्र बोलताना हात लावू नका; टोकाशी व्होल्टेज जास्त असतं, चटका बसतो.

दाराच्या फटीतून आणलेली केबल रोज चेपली जाते. तिथे बोटाने चाचपा. सपाट झालेली, वळ पडलेली केबल दिसली की ती गेली असं समजा. वरून टेप लावून ती सुधारत नाही.

व्होल्टेज, बोलताना

इथून पुढे साधा मल्टिमीटर लागेल. थोड्याशा पैशांत येतो आणि गाडीत कायम ठेवण्यासारखी वस्तू आहे.

इंजिन बंद ठेवा. आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा, मग सेटच्या प्लगवर. बोलत नसताना दोन्ही आकडे सारखेच येतील, साधारण १२.६. आता पूर्ण पॉवरवर पीटीटी दाबून दोन्हीकडे पुन्हा मोजा. बहुतेक मोबाइल सेट १३.८ व्होल्टला, १५ टक्के खाली-वर धरून बनवलेले असतात, म्हणजे खालची हद्द ११.७ च्या आसपास. बोलताना प्लगवर त्याहून कमी दिसलं तर सेट बंद पडणारच, दोष त्याचा नाही.

व्होल्टेज कुठे जातं, याचा हिशेब सोपा आहे. जाऊन-येऊन सहा मीटर वायर आणि ११ अँपिअर धरा. ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल तर साधारण ०.२ व्होल्ट पडतो, २.५ ची असेल तर अर्धा. सिगारेट लायटरच्या मागे असते तसली ०.७५ ची असेल तर दीड व्होल्टच्या वर. म्हणजे १२.४ ची बॅटरी सेटला ११ सुद्धा देऊ शकत नाही. लायटर सॉकेटवर हातातला छोटा सेट चार्ज करा, ५० वॅटचा चालवू नका. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो आणि सॉकेटचा स्प्रिंगवाला संपर्क हादऱ्यात सुटतो. उत्तर एकच: बॅटरीपासून थेट, वेगळी, जाड वायर. अल्टरनेटरची शिट्टीही बहुतेक वेळा तिथेच संपते.

वायर जाड असूनही फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर फ्यूज होल्डर पाहा. बोलून झाल्याबरोबर त्याला बोट लावा. गरम लागला तर चोर सापडला. पावसाचं पाणी होल्डरमध्ये शिरतं, पात्यांवर हिरवट थर चढतो, फ्यूज शाबूत दिसतो आणि तरी वीज अडते. झाकणवाला, रबर सीलचा होल्डर घ्या. थिंबल (वायरीच्या शेवटी बसवलेलं धातूचं टोक) नुसतं पकडीने दाबलेलं असेल तर नीट क्रिंप करून घ्या आणि वर स्लीव्ह चढवा.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला काहीच संरक्षण नसतं. ही वायर इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकातून आत येते. तिथे ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं) नसेल तर दगडधोंड्यांच्या वाटेवर पत्रा वायरीचं आवरण कापतो, आणि फ्यूज सेटजवळ असेल तर आग लागते. यात ढिलाई नको. फ्यूज सेटच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अँपिअरचाच हवा. उडतोय म्हणून मोठा घालणं म्हणजे वायरीलाच फ्यूज बनवणं.

अँटेनाचा अर्थ: बहुतेक वेळा दोष इथेच असतो

पाव-लहरीची अँटेना म्हणजे साधारण ४९ सेंटिमीटरचा दांडा. पण तो अर्धीच अँटेना आहे. उरलेली अर्धी म्हणजे खालचा पत्रा. तो नसेल किंवा दांड्याच्या बुडाशी नीट जोडलेला नसेल, तर शक्ती केबलच्या बाहेरून परत गाडीत येते, माइकमधून जाणारा आवाज गुरगुरल्यासारखा होतो, एसडब्ल्यूआर चढतो आणि सेट स्वतःला वाचवायला पॉवर उतरवतो.

जिम्नी आणि बोलेरोला लोखंडी छत आहे, तिथे छताच्या मध्यावर लावलेली पाव-लहरीची अँटेना सगळ्यात निर्धोक. फायबर हार्ड टॉपच्या थारवर आणि कापडी छताच्या जिप्सीवर तीच अँटेना कधीच नीट चालणार नाही, कितीही महागाची घ्या. फायबरच्या खाली साधारण मीटरभर व्यासाचा पातळ पत्रा बसवून भागवता येतं, पण अशा गाड्यांना मी अर्ध्या लहरीची अँटेना सुचवतो. तिला खालच्या पत्र्याची गरज जवळपास नसते. ती मीटरभर उंच असते, करवंदीच्या जाळ्यांत आणि बांबूत अडकते, म्हणून बुडाशी स्प्रिंग हवी. बोनेटच्या फटीत बसणारं ब्रॅकेट किंवा स्टेपनीचा कॅरिअर, या दोन जागा चांगल्या. बुल बारवर अँटेना लावायचा मोह टाळा: डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलेलं आहे.

आता तपासणी. मल्टिमीटर ओहमवर ठेवा, त्याच्या दोन काड्या एकमेकींना लावून येणारा आकडा लक्षात ठेवा. मग एक काडी ब्रॅकेटच्या धातूला, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला. काड्यांचा आकडा वजा करून अर्ध्या ओहमच्या खाली यायला हवं. जास्त आलं तर ब्रॅकेटखाली रंग आहे किंवा गंज. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वायसर घाला, आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावून पाणी बंद करा. कॅरिअरवर आणि बोनेटवर पावडर कोटिंग किंवा रंग असतो, आणि बिजागरीतून मिळणारा अर्थ हादऱ्याबरोबर येतो-जातो. "कच्च्या वाटेवर आवाज तुटतो" या तक्रारीमागे बहुधा ही बिजागरीच निघते. बोनेट आणि बॉडी यांच्यामध्ये, तसंच कॅरिअर आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या जाळीची रुंद, आखूड पट्टी जोडा. गोल वायरीपेक्षा रुंद पट्टी या फ्रिक्वेन्सीला बरी.

मॅग्नेट माउंटला ही ओहमची तपासणी लागू नाही. तो रंगाच्या थरातूनच काम करतो, मल्टिमीटर तिथे काहीच दाखवणार नाही आणि ते बरोबर आहे. त्याच्याखालची माती मात्र दर वेळी पुसा. कोकणातली लाल माती मॅग्नेटखाली साचली की अंतर वाढतं, रंगही खरवडला जातो.

केबल आणि फसवा मीटर

सेटच्या बाजूचा कनेक्टर काढा. दांडाही काढून ठेवा. मधली पिन आणि बाहेरचं कवच यांमध्ये मल्टिमीटर लावा. काही अँटेनांच्या बुडात कॉइल असते, त्यात दांडा काढल्यावरही शॉर्ट दिसणं स्वाभाविक आहे, पुस्तिका बघा. तसं नसेल आणि शॉर्ट दिसत असेल, तर बहुतेक वेळा पीएल-२५९ मध्ये जाळीचा एखादा तंतू पिनला टेकलेला असतो. कनेक्टर पुन्हा सोल्डर करा.

पुढची चाचणी ओल्या केबलसाठी, आणि ती माझ्या सगळ्यात उपयोगाची. १४४ मेगाहर्ट्झला चालणारा एसडब्ल्यूआर मीटर लावा. सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओचा २७ मेगाहर्ट्झवाला इथे चालत नाही. दांडा तसाच काढलेला ठेवा. सगळ्यात कमी पॉवरवर दोन-तीन सेकंद बोला. केबल चांगली असेल तर मीटर एकदम वर जायला हवा, कारण शक्तीला जायला जागाच नाही, ती सगळी परत येते. अँटेना नसतानाही मीटर १.७ च्या आसपास दाखवत असेल, तर शक्ती केबलमध्येच जिरते आहे: जाताना सहा डेसिबल (म्हणजे चौथा हिस्साच उरतो), येताना सहा. म्हणजे तुमच्या ५० वॅटपैकी अँटेनापर्यंत १२-१३ पोचतात. पावसाळ्यानंतर "एसडब्ल्यूआर सुधारला पण रेंज गेली" या कोड्याचं उत्तर हेच. पाणी जाळीतून आत ओढलं जातं, केबल उन्हात वाळवून परत नीट होत नाही. बदला. नवीन केबलच्या बाहेरच्या जोडावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबर टेप ताणून गुंडाळा, आणि जोडाच्या आधी केबलला खाली एक वळण द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. बारीक, पेन्सिलच्या शिशासारखी केबल पाच मीटर ओढू नका. किमान आरजी-५८ घ्या.

एसडब्ल्यूआर, आणि दांडा कापायची घाई

मोकळं मैदान, सगळी दारं आणि बोनेट बंद, जवळ माणूस नाही. १४४, १४५ आणि १४६ वर मोजा. १.५ म्हणजे ४ टक्के शक्ती परत येते, २ म्हणजे ११ टक्के, ३ म्हणजे २५. दीडच्या खाली असेल तर हात लावू नका. दोनपर्यंत चालतं.

आकडा १४४ ला कमी आणि १४६ ला जास्त असेल तर दांडा लांब आहे. उलट असेल तर आखूड. ४९ सेंटिमीटरच्या दांड्यात एक मिलिमीटर म्हणजे साधारण ०.३ मेगाहर्ट्झ, तेव्हा एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त कापू नका.

आणि तिन्ही ठिकाणी आकडा सारखाच वाईट असेल तर पक्कड खाली ठेवा. लांबी चुकलेली नाही, अर्थ चुकला आहे. 'अँटेनाचा अर्थ' या भागाकडे परत जा. खराब अर्थावर दांडा कापत जाणारे शेवटी अँटेनाही घालवतात, अर्थही तसाच राहतो.

डमी लोड

इथपर्यंत काहीच सापडलं नसेल तर सेटच्या मागे, मध्ये केबल न ठेवता, ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) लावा. पूर्ण पॉवरवर बोला. सेट नीट चालला तर दोष बाहेर आहे, पुन्हा केबलपासून सुरू करा. डमी लोडवर, चांगल्या १३.८ व्होल्टवरही पॉवर येत नसेल, तरच सेट संशयित.

इथे थांबा

सेट उघडून आतले पॉवर ट्रान्झिस्टर बदलू नका. तिथे मोजमापाची साधनं नसतील तर नवा भागही लगेच जळतो. सेट सर्व्हिस सेंटरला द्या.

बोलताना डॅशबोर्डवर दिवे लागत असतील, इंजिन अडखळत असेल, ब्रेक किंवा एअरबॅगचा इशारा येत असेल, तर त्या गाडीत प्रसारण तिथेच बंद. गाडीच्या पुस्तिकेत रेडिओ ट्रान्समीटरबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा. धावत्या गाडीत यावर प्रयोग करायचे नाहीत.

पिवळ्या स्लीव्हमधल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मल्टिमीटरसुद्धा लावायचा नाही. पडद्याच्या (खिडक्यांवर उघडणाऱ्या) एअरबॅग असलेल्या गाडीत पुढच्या खांबातून केबल नेऊ नका. छताला भोक पाडायचं असेल तर आतलं अस्तर उतरवणाऱ्या जाणकाराकडून पाडून घ्या.

बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सरची छोटी पेटी असेल तर सेटची काळी वायर टोकावर लावू नका. बॅटरीची ऋण केबल बॉडीला जिथे बोल्टने जोडली आहे तिथे लावा. हे कुठे आहे ते नक्की कळत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. वायर वितळल्याचा वास आला, फ्यूज पुन्हा पुन्हा उडाला, तरीही तेच. त्याला "रेडिओ चालत नाही" एवढंच सांगू नका. बोलताना बॅटरीवर किती व्होल्ट, प्लगवर किती, आणि ब्रॅकेट ते बॅटरी किती ओहम, हे तीन आकडे कागदावर लिहून द्या.